हवाई दल असताना नौदलाला स्वतःची विमानं कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: देशाकडे एवढं मोठं हवाई दल असताना नौदलाने वेगळी विमानं, वेगळे वैमानिक, वेगळे तळ का बाळगायचे? हे सगळं सुरू कधी झालं? आणि क्षेपणास्त्रांच्या जमान्यात विमानवाहू जहाज म्हणजे पांढरा हत्ती नाही का?

मी वैमानिक नव्हतो, हे आधीच सांगतो. नौदलाच्या हवाई शाखेत तंत्रज्ञ म्हणून भरती झालो आणि चीफ, म्हणजे खलाशांमधल्या वरच्या हुद्द्यावरून, निवृत्त झालो. अर्धी नोकरी सी हॅरिअर या जेट विमानाच्या पोटाखाली गेली, उरलेली हेलिकॉप्टरांच्या हँगरमध्ये. त्यामुळे माझं उत्तर डेकवरून दिलेलं आहे. वैमानिक ढगांबद्दल बोलतात, आम्ही गंजाबद्दल.

सुरुवात क्षितिजापासून करू. लहानपणी आमच्या मालवणकडे शिडाच्या होडीतला तांडेल एखाद्या पोराला डोलकाठीवर चढवायचा आणि खालून ओरडायचा, "काय दिसता रे?" पृथ्वी गोल आहे हे त्याला शाळेत कोणी शिकवलं नसेल, पण उंच चढलं की लांबचं दिसतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नौदलाचं विमान हे त्या पोराचंच पुढचं रूप. पाण्यापासून 20 मीटर उंचीवरून पाहिलं तर क्षितिज साधारण 16 किलोमीटरवर असतं. रडारच्या लहरी किंचित वाकतात, म्हणून रडारला 18-19 किलोमीटर मिळतात. तेच रडार 3,000 मीटर उंचीवर नेलं की ही मर्यादा 220 किलोमीटरच्या पुढे जाते. आता उलटा हिशोब करा. शत्रूचं क्षेपणास्त्र पाण्याला चाटत, पाचेक मीटर उंचीवरून येतंय. जहाजाच्या डोलकाठीवरच्या रडारला ते दिसेल तेव्हा ते जेमतेम 27-28 किलोमीटरवर असेल. वेग ध्वनीच्या आसपास धरला तर तुमच्या हातात दीड मिनिट उरतं. या दीड मिनिटात ओळखायचं, ठरवायचं आणि पाडायचं. जहाज कितीही महागडं असो, ही भूमिती बदलत नाही. डोळा वर नेणं एवढाच उपाय असतो, आणि तो डोळा चोवीस तास, त्याच जहाजाच्या तालावर चालणारा हवा.

बॉम्ब, टॉर्पेडो वगैरे सगळं नंतर आलं. विमान नौदलात आलं ते मुळात बघण्यासाठी.

1910 साली 14 नोव्हेंबरला यूजीन एली नावाच्या अमेरिकन वैमानिकाने 'बर्मिंगहॅम' या क्रूझरवर बांधलेल्या लाकडी फळ्यांवरून उड्डाण केलं. विमान डेकवरून सुटताच खाली गेलं, चाकं पाण्याला लागली, तरी गडी वर निघाला. दोन महिन्यांनी, 18 जानेवारी 1911 रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत तो 'पेनसिल्व्हेनिया'वर उतरला. डेकवर आडवे दोर टाकले होते आणि प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना वाळूची पोती बांधली होती. विमानाखालचे आकडे दोरात अडकले, पोती फरफटत गेली आणि विमान थांबलं. आज आपल्या विमानवाहू जहाजावर मिग उतरतं तेव्हा दोराच्या जागी पोलादी तार असते आणि पोत्यांच्या जागी डेकखाली हायड्रॉलिक यंत्रणा. कल्पना तीच. शंभर वर्षांत इतकी कमी बदललेली गोष्ट विमानविद्येत फारशी सापडणार नाही.

एली उतरला तेव्हा जहाज नांगरलेलं होतं. चालत्या जहाजावर पहिल्यांदा उतरला तो ब्रिटिश एडविन डनिंग, 2 ऑगस्ट 1917 रोजी, 'फ्युरियस'वर. त्याचं विमान इतकं हळू येत होतं की डेकवरच्या लोकांनी धावत जाऊन विमानाला लावलेले पट्टे हातांनी पकडले. पाच दिवसांनी पुन्हा प्रयत्न करताना विमान डेकच्या कडेवरून पाण्यात गेलं आणि डनिंग बुडाला. पुढच्या वर्षी सबंध सपाट डेक असलेलं 'आर्गस' तयार झालं आणि विमानवाहू जहाजाला आजचा आकार मिळाला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर, आणि ते ब्रिटिशांनी स्वतःच्या खर्चाने लिहून ठेवलंय. 1 एप्रिल 1918 रोजी त्यांनी लष्कराची आणि नौदलाची विमानं एकत्र करून रॉयल एअर फोर्स काढलं. कागदावर शहाणपणाचा निर्णय: एक आकाश, एक दल, एक खर्च. पण त्या दलाला हवी होती लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमानं. जहाजावरच्या विमानांना सावत्र लेकराचं ताट मिळालं. ती पूर्णपणे नौदलाकडे परत यायला 1939 साल उजाडलं, म्हणजे 21 वर्षं गेली. तोवर अमेरिकेच्या आणि जपानच्या नौदलांनी आपापली विमानं स्वतःच्या हातात ठेवून घडवली होती. महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश जहाजांवर मुख्य मारा करणारं विमान होतं 'स्वोर्डफिश': दोन पंखांची जोडी, कापडाचं अंग, उघडी बैठक. त्या विमानाने इतिहास घडवला हा माणसांचा पराक्रम. 11 नोव्हेंबर 1940 च्या रात्री 'इलस्ट्रियस'वरून निघालेल्या 21 स्वोर्डफिशनी इटलीच्या टारान्टो बंदरात उभ्या असलेल्या तीन मोठ्या युद्धनौका निकामी केल्या आणि स्वतःची फक्त दोन विमानं गमावली. वर्षभराने जपानने पर्ल हार्बरला सहा विमानवाहू जहाजं नेली.

त्यानंतर तीन दिवसांनी, 10 डिसेंबर 1941 रोजी, मलायाच्या किनाऱ्यापुढे 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' ही दोन बलाढ्य ब्रिटिश जहाजं बुडाली. डोक्यावर स्वतःचं एकही लढाऊ विमान नव्हतं. ज्या विमानांनी ती बुडवली ती जपानी नौदलाची होती, पण उडाली होती इंडोचीनच्या जमिनीवरून. लोक विसरतात ते हे, की नौदलाचं विमान जहाजावरच राहायला हवं असा काही नियम नाही. त्याला समुद्र वाचता यायला हवा, एवढंच.

आपल्या दारापर्यंतही ही गोष्ट आली होती. एप्रिल 1942 मध्ये जपानी विमानवाहू जहाजं बंगालच्या उपसागरात शिरली. 6 एप्रिलला त्यांच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. 9 तारखेला सिलोनच्या बॅटिकलोआजवळ ब्रिटिश विमानवाहू जहाज 'हर्मिस' बुडालं. त्या दिवशी हर्मिसवर तिचं एकही विमान नव्हतं, आणि किनाऱ्यावरून मदतीला निघालेली लढाऊ विमानं पोचली तोवर खेळ आटोपला होता. "किनाऱ्यावर हवाई दल आहेच की, बोलावू" असं कोणी म्हणालं की मला हर्मिस आठवते. समुद्रात बोलावून येईपर्यंत वेळ नसतो.

मिडवे वगैरे लढायांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, ते मी सोडतो. त्याऐवजी युद्धानंतर ब्रिटिशांनी लावलेल्या तीन शोधांबद्दल सांगतो, कारण त्यांच्याशिवाय आपलं 'विक्रांत' झालंच नसतं. जेट विमानं आली, वजन आणि वेग दोन्ही वाढले, आणि जुना सरळ डेक पुरेना. उतरताना तार चुकली तर समोर उभ्या केलेल्या विमानांवर आदळायचं. डेनिस कॅम्बेल नावाच्या अधिकाऱ्याने सुचवलं की उतरायची पट्टी जहाजाच्या अक्षाला थोडी तिरकी आखा. तार चुकली तर विमान सरळ समुद्रावर निघून जाईल, वळसा घालून पुन्हा येईल. सांगायला इतकं सोपं! कॉलिन मिचेलने वाफेचं कॅटापुल्ट केलं: जहाजाच्या बॉयलरचीच वाफ, तीच विमान फेकणार. तिसरा शोध निकोलस गुडहार्टचा, आरशाचा. डेकच्या कडेला आरसा आणि दिवे असे मांडायचे की योग्य उतारावर असलेल्या वैमानिकाला प्रकाशाचा ठिपका बाजूच्या दिव्यांच्या रांगेत दिसतो. वर दिसला तर तू उंच आहेस, खाली दिसला तर बुडशील. कल्पना पटवण्यासाठी त्याने एक छोटा आरसा आणि लिपस्टिक वापरली असं सांगतात.

भारताने घेतलेलं जहाज होतं 'हर्क्युलिस'. 1945 मध्ये पाण्यात सोडलेलं, युद्ध संपल्यावर 1946 मध्ये काम थांबवलेलं, तसंच पडून राहिलेलं. 1957 मध्ये आपण ते विकत घेतलं आणि बेलफास्टच्या गोदीत त्यावर तिरका डेक, वाफेचं कॅटापुल्ट, आरसा असं सगळं बसवून घेतलं. म्हणजे काम अर्धवट राहिलं हेच आपल्या पथ्यावर पडलं. 4 मार्च 1961 रोजी ते 'विक्रांत' झालं. 18 मे रोजी लेफ्टनंट ताहिलियानी यांनी त्यावर पहिलं जेट, सी हॉक, उतरवलं. हेच ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. नोव्हेंबरमध्ये जहाज मुंबईला आलं.

आपली हवाई शाखा मात्र जहाजाच्या आधीची. 11 मे 1953 रोजी कोचीत 'गरुडा' हा तळ सुरू झाला आणि छोट्या सीलँड विमानांवर पहिली पिढी शिकली. विक्रांतसोबत दोन स्क्वाड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, आल्या: सी हॉकची 300, जिचे लोक स्वतःला 'व्हाइट टायगर' म्हणवतात, आणि फ्रेंच अलिझे विमानांची 310, 'कोब्रा'. सी हॉक मारायला, अलिझे शोधायला. अलिझेत तिघं बसायचे, एका पंख्यावर ते तासन्तास समुद्रावर घिरट्या घालायचं. शाळकरी मुलांना सी हॉक आवडतं. आमच्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा, अलिझेचं नाव आधी घेतील.

गोव्याचं नातं इथून सुरू होतं. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा दाबोळीला पोर्तुगीजांनी बांधलेला विमानतळ होता; आपल्या हवाई दलाने त्याच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले होते. 1962 मध्ये तो नौदलाकडे आला आणि 1964 मध्ये 'हंसा' हा तळ कोइम्बतूरजवळच्या सुलूरहून तिथे हलला. दाबोळीला उतरणारे पर्यटक "नौदलामुळे विमान थांबवलं" म्हणून कुरकुरतात, त्यांना ही माहिती दिली की थोडं हसतात.

1965 च्या युद्धात विक्रांत मुंबईत गोदीत, दुरुस्तीला. पाकिस्तानने तिला बुडवल्याची बातमी दिली. जहाज गोदीतल्या कोरड्या जमिनीवर आणि म्हणे बुडालं! पण हसण्यापलीकडे त्यात बोच होती. एवढं मोठं हत्यार घेतलं आणि वेळेला घरी बसलं. 'एकच विमानवाहू जहाज म्हणजे अर्धा वेळ एकही नाही' ही तक्रार तेव्हापासूनची आहे आणि ती खरी आहे.

1971 मध्येही तीच वेळ येणार होती. बॉयलरला तडे गेले होते. साडेचोवीस नॉटचं (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जहाज सोळाच्या आसपास चालत होतं. कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या हाताखाली विक्रांतला पश्चिमेऐवजी बंगालच्या उपसागरात पाठवलं आणि अंदमानात लपवून ठेवलं. तिला शोधायला आलेली पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. 4 डिसेंबरला सी हॉक कॉक्स बझारवर गेले, मग चितगावला. अलिझे रात्री निघायची. बंदरं, जहाजं, धावपट्ट्या यांवर असा मारा झाला की पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याला समुद्राकडून ना रसद आली ना पळायला वाट राहिली. पूर्वेकडच्या या मोहिमेत विक्रांतच्या सी हॉकपैकी एकही विमान गमावलं नाही. 300 स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं.

यातली खरी लढाई मात्र वाऱ्याशी होती, आणि ती पुस्तकांत एका ओळीत उरकतात. विमानाला उडायला पंखांवरून हवा वाहावी लागते. जहाज वाऱ्याकडे तोंड करून जोरात पळतं तेव्हा जहाजाचा वेग आणि वाऱ्याचा वेग, दोन्ही विमानाच्या झोळीत पडतात. डिसेंबरात बंगालचा उपसागर संथ असतो, वारा नाही. त्यात जहाज लंगडं. म्हणजे भरलेली अलिझे उडवायची तर प्रत्येक वेळी तेल किती, बॉम्ब किती, वारा किती याचं गणित. इंजिनरूमने आणखी एक नॉट दिला तर वर एक बॉम्ब जास्त जातो. बॉयलरपाशी घाम गाळणारा स्टोकर आणि आकाशातला वैमानिक असे एका सुताने बांधलेले असतात.

याचाच उलटा दाखला 1982 चा. फॉकलंडच्या युद्धात अर्जेंटिनाकडे 'व्हेंतिसिंको दे मायो' हे विक्रांतच्याच पठडीतलं जुनं ब्रिटिश जहाज होतं. 2 मेच्या पहाटे त्यांची स्कायहॉक विमानं बॉम्ब लावून तयार होती, ब्रिटिश ताफा पल्ल्यात होता, आणि दक्षिण अटलांटिकसारख्या वादळी समुद्रात नेमका त्या दिवशी वारा पडला. भरलेली विमानं उडवता येईनात. हल्ला राहिला तो राहिलाच. त्याच युद्धात ब्रिटिशांकडेही वर टांगलेला डोळा, म्हणजे हवेतून टेहळणी करणारं रडार, नव्हतं, आणि 4 मे रोजी 'शेफिल्ड' या ब्रिटिश युद्धनौकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं. सुरुवातीला सांगितलेलं दीड मिनिट ते हेच. त्या ब्रिटिश ताफ्याचं मुख्य जहाज होतं दुसरी 'हर्मिस'. 1987 मध्ये तीच आपली 'विराट' झाली.

आता हवाई दल विरुद्ध नौदल हा वाद आपल्याकडे कसा सुटला ते सांगतो. 1976 पर्यंत समुद्रावरची लांब पल्ल्याची टेहळणी हवाई दलाकडे होती, सुपर कॉन्स्टलेशन विमानं घेऊन. वैमानिक उत्तम होते, विमान बरं होतं. अडचण दुसरीच. नौदलाच्या कमांडरला हवं असतं की विमान आत्ता, या चौकोनात, या पाणबुडीच्या मागावर सहा तास राहावं. हवाई दलाच्या यादीत हे काम दहावं. नोव्हेंबर 1976 मध्ये विमानं नौदलाकडे आली. पुढच्या वर्षी दाबोळीला रशियन आयएल-38 आली आणि 2023 पर्यंत, 46 वर्षं, उडली. 1988 मध्ये टीयू-142 आली, अजस्र, पण जेटच्या जमान्यात पंख्यांवर उडणारी. आज त्या जागी पी-8आय आहे, बोइंग 737 च्या सांगाड्यावर बनवलेलं. एक तुकडी तमिळनाडूतल्या आरक्कोणमला, दुसरी 2022 पासून दाबोळीला. मार्च 2024 मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलेलं 'रुएन' हे मालवाहू जहाज आपल्या किनाऱ्यापासून 2,600 किलोमीटरवर सोडवलं, 35 चाचे शरण आले, 17 खलाशी सुखरूप. त्यात 'कोलकाता' ही युद्धनौका होती, वर पी-8आय होतं, आणि हवाई दलाच्या सी-17 मधून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरले होते. बघा, हवाई दल लागतंच. भांडण नाहीच. प्रश्न रोजच्या संसाराचा आहे.

रोजचा संसार म्हणजे काय, हे आमच्या बाजूने सांगतो. खारं वारं विमान खातं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रंगाखाली पांढरी भुकटी दिसली की समजायचं, आत पोखरलंय. म्हणून उड्डाण झालं की गोड्या पाण्याने इंजिन धुवा, अंग पुसा, तेल लावा, आणि जहाजावर गोडं पाणी म्हणजे काय किमतीचं ते खलाशाला विचारा. डेकवर सकाळी सगळे, अधिकारी असो की स्वयंपाकी, एका रांगेत खांद्याला खांदा लावून खाली बघत चालतात. त्याला आम्ही फॉड वॉक म्हणायचो. एक स्क्रू, एक तारेचा तुकडा, एक बटण, जे सापडेल ते खिशात. जेटच्या तोंडात गेलं तर इंजिन गेलं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका हँगरमध्ये माझ्या पेटीतला एक पाना कमी भरला. पेटीत प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते, रिकामी आकृती लगेच डोळ्यात खुपते. मी दोनदा मोजलं, मग सांगितलं. त्या क्षणापासून ते विमान बंद. सात तास आम्ही पत्रे उघडत होतो. पाना सापडला एका पाइपामागे, माझ्याच हाताने ठेवलेला. माझे चीफ ओरडले नाहीत. पुढचा महिनाभर रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर मोठ्याने पेटी मोजायला लावली. अजूनही घरी नळ दुरुस्त केला की मी पाने मोजतो, बायको हसते. पण जमिनीवर या चुकीने एक विमान बंद राहतं. समुद्रात हँगरमध्ये एकामागे एक विमानं खेटून लावलेली असतात. एक हललं नाही तर मागची चार अडकतात.

सी हॅरिअरबद्दल थोडं लाडाने लिहितो, क्षमस्व. पहिली तीन डिसेंबर 1983 मध्ये दाबोळीला आली. बाकी विमानं उतरून मग थांबतात, हे आधी थांबायचं आणि मग उतरायचं. इंजिन एकच, पण त्याचा झोत चार तोंडांतून खाली वळवता यायचा. तारा नकोत, कॅटापुल्ट नको, पुढे फक्त वर वळलेला उतार, स्की जंप. लहान जहाजाला जेट परवडलं ते या विमानामुळे. पण गरम हवा पातळ असते. मे महिन्यातल्या दुपारी न वापरलेली हत्यारं घेऊन परत आलेलं हॅरिअर हवेत तरंगवून उतरवायचं म्हणजे किलोकिलोचा हिशोब. 2016 च्या मे महिन्यात गोव्यात ती निवृत्त झाली.

जहाज जिथे दिसतं तिथे लोकांचं लक्ष जातं, म्हणून हेलिकॉप्टर मागे पडतं. माझ्या मते आजच्या नौदलात सर्वात जास्त पोटापाण्याचं काम तेच करतं. 9 डिसेंबर 1971 रोजी दीवच्या समुद्रात 'खुकरी' पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली, 194 जण गेले. त्या वर्गाच्या जहाजावर हेलिकॉप्टर ठेवायची सोयच नव्हती. पाणबुडीला जहाजाचा पंखा लांबून ऐकू येतो. हेलिकॉप्टरचा माग काढणं तिला फार अवघड जातं. सी किंग हेलिकॉप्टर समुद्रावर चाळीसेक फुटांवर स्थिर राहतं, केबलने सोनार, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधणारं यंत्र, पाण्यात सोडतं, ऐकतं, उचलतं, पुढे जाऊन पुन्हा सोडतं. हे काळोख्या रात्री, खाली पाणी कुठे सुरू होतं ते दिसत नसताना. 1983 मध्ये मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेलं 'गोदावरी' हे लढाऊ जहाज नौदलात आलं, दोन सी किंग पोटात घेणारं. मला विचाराल तर विक्रांतच्या खालोखाल महत्त्वाचा टप्पा हा आहे, आणि तो आपल्या मुंबईतला आहे.

मे 2021 च्या तौक्ते वादळात मुंबईबाहेर तेलक्षेत्रात पी-305 हा बार्ज, म्हणजे सपाट तळाची मोठी नौका, 261 माणसांसह बुडाला, 186 वाचली. युद्धनौकांनी बहुतेकांना पाण्यातून काढलं, कुलाब्याच्या 'शिक्रा' तळावरची हेलिकॉप्टरं आणि पी-8आय शोधात होती. त्या लाटांत नुसतं डोकं शोधायचं, तेही लाइफ जॅकेट घातलेलं. 'काय दिसता रे' हाच प्रश्न पुन्हा.

पांढऱ्या हत्तीचं काय? माझं मत सरळ आहे. विमानवाहू जहाज महाग आहे, मोठं आहे, शत्रूला हवंहवंसं लक्ष्य आहे. चीनसारख्या देशाच्या किनाऱ्याजवळ, त्यांच्या क्षेपणास्त्रांच्या पल्ल्यात, मी ते नेणार नाही. पण हिंदी महासागराच्या मध्यावर जमिनीवरून उडणारं लढाऊ विमान हवेत तेल भरून पोचलं तरी किती वेळ थांबणार? हलतं जहाज शोधणं, ओळखणं आणि त्यावर अचूक मारणं हेही वाटतं तितकं सोपं नाही. त्यासाठी शत्रूलाही आपला डोळा वर पाठवावा लागतो, आणि तो डोळा पाडायला जहाजावरची विमानं लागतात. माझी तक्रार निराळी आहे. स्की जंपमुळे आपलं मिग-29के पूर्ण वजनाने उडू शकत नाही, आणि कॅटापुल्ट नसल्याने रडारचं मोठं विमान जहाजावरून उडवता येत नाही. ते काम कामोव्ह-31 हेलिकॉप्टर पोटाखाली अँटेना फिरवत करतं, कमी उंचीवरून आणि कमी वेळ. तिसरं जहाज बांधायचं की नाही यावर खूप शाई खर्च होते. मी असतो तर आधी प्रत्येक फ्रिगेटवरचा, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेवरचा, हँगर हेलिकॉप्टरांनी भरला असता. 2024 च्या मार्चमध्ये कोचीत एमएच-60आर हेलिकॉप्टरांची पहिली तुकडी उभी राहिली, ते मला नव्या जहाजाइतकंच मोठं वाटलं.

सध्या आपल्याकडे दोन आहेत. रशियाकडून घेतलेलं, 2013 मध्ये नौदलात दाखल झालेलं 'विक्रमादित्य', आणि 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीत नौदलात दाखल झालेलं, देशात बांधलेलं नवं 'विक्रांत', 262 मीटर लांब, सुमारे 45,000 टनांचं. त्याच दिवशी नौदलाचा ध्वज बदलला आणि त्यावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. डेकवर उतरायचा सराव होतो तो दाबोळीच्या आवारात बांधलेल्या नकली डेकवर: स्की जंप आणि तारांसकट, फक्त हलत नाही एवढंच. 'तेजस'च्या नौदल आवृत्तीने सप्टेंबर 2019 मध्ये तिथे तार पकडली आणि 11 जानेवारी 2020 रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते विक्रमादित्यवर उतरवलं. ताशी 240 किलोमीटरच्या आसपास येणारं विमान 90 मीटरमध्ये थांबतं. चाकं टेकताच वैमानिक इंजिनाचा जोर कमी करत नाही, उलट वाढवतो, कारण तार चुकली तर पुन्हा उडायचंय. एप्रिल 2025 मध्ये 26 राफेल-एम विमानांचा करार झाला, त्यांतली 22 एका बैठकीची.

जुनं विक्रांत 1997 मध्ये निवृत्त झालं, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभं होतं, मग मोडीत निघालं. त्याच्या लोखंडाची मोटरसायकल निघाली, आमच्या गल्लीत एकाकडे आहे. मी तिच्यावर अजून बसलेलो नाही.

वाचून समजण्यापेक्षा बघून जास्त समजेल. गोव्याला गेलात तर बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. सुपर कॉन्स्टलेशन, अलिझे, सी हॉक, सी हॅरिअर सगळी बाहेर उन्हात उभी आहेत. सी हॉकच्या मागे जाऊन वाका, शेपटीखाली हुक दिसेल, एलीच्या आकड्याचा नातू. मग सी हॅरिअरकडे जा आणि तिथेही वाका. तिथे हुक सापडणार नाही. पोटाच्या दोन्ही बाजूंना झोताची ती चार तोंडं मात्र हाताच्या अंतरावर आहेत.